हैदराबाद विधानसभा निवडणूक, १९५२

ही हैदराबाद राज्यातील प्रौढ मताधिकारावर आधारित पहिली विधानसभा निवडणूक होती. ज्यांची कबर खुलताबाद येथे आहे, त्या पहिल्या निजामांनी स्थापलेली राजवट सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने संपली. रझाकारांचे अत्याचार, कारवाईनंतर झालेल्या मुस्लिमांच्या हत्या आणि तेलंगणातील सशस्त्र लढा यांमुळे समाज दुभंगला होता. १७५ पैकी ९३ जागा काँग्रेसला मिळाल्या. मते मात्र सुमारे ४२ टक्केच होती. सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी ठरण्याच्या पद्धतीमुळे स्पष्ट बहुमताचे सरकार आले, तरी मते व जागा यांत तफावत राहिली. १९५१ मध्ये लढा थांबवणाऱ्या कम्युनिस्टांनी लोकशाही आघाडीतर्फे ४२ जागा जिंकल्या. शस्त्रे उचललेला पक्ष विरोधी बाकांवर बसला, हे या निवडणुकीचे महत्त्व होय.