काटकसर आणि गुप्तता

१८७० साली मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारे लोहमार्ग जबलपूर येथे एकमेकांस मिळाले. त्या काळी तारेला शब्दागणिक दाम मोजावे लागत. म्हणून व्यापारी व पेढ्या संकेतकोश बाळगीत आणि संपूर्ण वाक्याऐवजी एकच ठरलेला शब्द पाठवीत. खर्च वाचे आणि मजकूरही वरवर पाहणाऱ्यास उमगत नसे. काटकसर व गुप्तता हातात हात घालून नांदतात, हा समज असा जुना आहे.

आज जबलपूरचा ग्राहक घरबसल्या खात्याचे व्यवहार करतो, तेव्हा हा समज तपासून पाहणे अगत्याचे ठरते. संगणकावर मजकूर आधी कॉम्प्रेशनने आटोपशीर करून मग एन्क्रिप्शनने कुलूपबंद करता येतो. क्रम हाच योग्य. कारण कुलूपबंद मजकुरात पुनरावृत्ती उरत नाही आणि तो नंतर आटत नाही. परंतु मेख येथेच आहे. लाखबंद लिफाफा फोडता आला नाही, तरी त्याचे वजन करता येते.

पुन्हा आलेला मजकूर पुन्हा न लिहिता त्याचा केवळ निर्देश करणे, हे कॉम्प्रेशनचे तत्त्व. लॉग-इननंतर ग्राहकाची ओळख पटविणारी गुप्त खूण आणि हल्लेखोराने घुसविलेला अंदाज एकाच संदेशात आले, तर अंदाज बरोबर ठरताच संदेश किंचित आखूड होतो. अशा रीतीने एकेक अक्षर उलगडत जाते. जॉन केल्सी यांनी २००२ मध्येच कॉम्प्रेशनमधून माहिती पाझरण्याचा धोका दाखविला होता. २०१२ मध्ये ‘क्राइम’ आणि २०१३ मध्ये ‘ब्रीच’ या हल्ल्यांनी तो प्रत्यक्षात उतरविला. २०१८ च्या टीएलएस १.३ या प्रमाणात कॉम्प्रेशनला स्थानच ठेवलेले नाही. तथापि वेबपानांचे कॉम्प्रेशन आजही संकेतस्थळ चालविणाऱ्यांच्या हाती आहे.

म्हणून कॉम्प्रेशन सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. छायाचित्रे, माहितीपत्रके, व्याजदरांचे तक्ते अवश्य आटोपशीर करावेत. मंद जोडणीच्या ग्राहकाची त्यात सोय आहे. मात्र गुप्त खूण आणि बाहेरून आलेला मजकूर एकत्र आटवू नयेत. त्यासाठी पान उघडण्यास क्षणभर अधिक लागला, तरी तो विलंब पत्करणेच श्रेयस्कर. संगणक प्रणाली स्वीकारताना अधिकाऱ्यांनी हा प्रश्न आवर्जून विचारावा. ग्राहकांनीही ब्राउझर अद्ययावत ठेवावा आणि काम संपताच लॉग-आउट करावे. ठेवीदाराचा विश्वास हीच बँकेची खरी ठेव. तिच्यात काटकसर परवडणारी नाही.