चुकीच्या खणातला पक्षी

नोव्हेंबर १८६७ मध्ये हिमाचलातील सतलज खोऱ्यात, रामपूरनजीक, ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी एका तपकिरी, चिमणीहून सडपातळ पक्ष्याचा नमुना मिळवला. काँग्रेसचे संस्थापक म्हणून ह्यूम सर्वांना ठाऊक आहेत. पुढे ते हिंदुस्थान सरकारच्या महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव झाले, हे मात्र शेतीक्षेत्रातही फारसे कुणाच्या ध्यानात नसते. तो पक्षी म्हणजे लार्ज-बिल्ड रीड वॉर्ब्लर, मोठ्या चोचीचा वटवट्या. त्यानंतर १३९ वर्षे तो जिवंत असा कुणाला ओळखता आला नाही.

मार्च २००६ मध्ये तो सापडला तोही थायलंडमधील एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात! फिलिप राउंड यांच्या जाळ्यात आलेल्या त्या पक्ष्याची ओळख डीएनए चाचणीने पक्की झाली. लगोलग इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयात १८६९ चा, आजच्या उत्तर प्रदेशातला दुसरा नमुना निघाला. तो ब्लिथच्या वटवट्यांच्या खणात पडून होता. २००८-०९ मध्ये अफगाणिस्तानच्या वाखान भागात, नदीकाठच्या झुडपांत, त्याची वीण होत असल्याचे आढळले.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला याचे नवल वाटू नये. चुकीच्या खणांची आम्हालाही सवय आहे. ब्लिथचा वटवट्या हिवाळ्यात आपल्याकडे विपुल येतो. त्याच्यात आणि या दुर्मीळ भावंडात नुसत्या नजरेने भेद करणे जाणकारांनाही जड जाते. मग ‘आमच्या शिवारात तो नाही’ असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

इथे माझ्याच सल्ल्याचा फेरविचार मला करावा लागतो. किडींना पर्यायी आश्रय नको म्हणून बांधावरील तण काढा, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. बांधापुरते ते आजही योग्य आहे. परंतु तोच सल्ला आपण ओढ्याच्या काठापर्यंत ताणला आणि पाणकणीस, लव्हाळी जाळून वा तणनाशक मारून संपवू लागलो. तुडतुडे टिपणारे कोळी आणि चतुर याच काठावर वाढतात, वटवटेही तिथेच किडे वेचतात. फवारणीचे पाणीही अखेर तिथेच उतरते. नेदरलँड्समध्ये पृष्ठजलात इमिडाक्लोप्रिडचे प्रमाण जिथे अधिक, तिथे कीटकभक्षी पक्ष्यांची घट अधिक, असे २०१४ च्या अभ्यासात दिसले होते.

माझ्या शेतभेटीच्या तक्त्यात यंदा मी ‘ओढ्याचा काठ’ असा एक रकाना वाढवला आहे. काठ राखला, जाळला की फवारला, एवढेच त्यात लिहायचे. विस्तार कार्यकर्त्यांनीही तो आपल्या तक्त्यात घ्यावा, अशी विनंती आहे.