सिंकच्या पुढे काय?

दिवाळीत गावी, म्हणजे धाराशिवला, गेलो होतो. भाचा यंदा बारावीला. जर्नल पूर्ण करत बसला होता, म्हणून सहज विचारलं, "परीक्षेत कुठलं सॉल्ट आलं तर बरं रे?"

"लेड, मामा! सगळ्यात सोपं."

आमच्या वेळीही हेच. लेड नायट्रेटमध्ये पोटॅशियम आयोडाइड टाकायचं, गरम करून थंड होऊ द्यायचं, की सोनेरी कण चमकत खाली येतात. अख्ख्या केमिस्ट्रीत मला एवढंच आवडायचं! (म्हणूनच बहुधा आयटीत आलो.)

"आणि मग टेस्टट्यूबमधलं?"

"सिंकमध्ये. वरून नळ सोडायचा."

आम्हीही तेच केलं. कुणी टोकलं नाही, आम्ही विचारलं नाही. आमच्या सिंकचा पाइप मागच्या उघड्या गटारात जायचा आणि गटारापासून दहा पावलांवर बोअर. आता आठवलं की कसंतरी होतं. पाणी उकळलं की जंतू मरतात, शिसं तसंच राहतं. अमोनियमच्या टेस्टला लागणाऱ्या नेसलर रिएजंटमध्ये पारा, डायक्रोमेटमध्ये कॅन्सरकारक क्रोमियम... उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा आपला जिल्हा, आणि आपणच हे जमिनीत सोडतो.

मोठ्या विद्यापीठांत तरी सगळं नीट असेल असं वाटतंय? २०१० आठवा. दिल्ली विद्यापीठाने वर्षानुवर्षं पडून असलेलं कोबाल्ट-६० चं यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला.

नियम आहेत की, घातक कचऱ्याचे, २०१६ चे. असा कचरा घेणारी केंद्रंही आहेत: तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी. पण एका ज्युनिअर कॉलेजचा वर्षाचा माल म्हणजे जेमतेम दोन-चार कॅन. तेवढ्यासाठी इथून रांजणगावला गाडी कोण पाठवणार? सर तरी काय करतील बिचारे! प्रत्येकाने आपापलं बघा म्हटलं तर हे कधीच होणार नाही. प्रॅक्टिकल परीक्षा संपल्या की जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांचे कॅन एकाच गाडीने न्यावेत आणि खर्च शिक्षण खात्याने करावा, असं माझं सरळ मत आहे. तोवर निदान सिंकशेजारी झाकणाचे कॅन तरी ठेवा. शिसं, पारा, क्रोमियम वेगवेगळं, लेबल लावून. आणि टेस्ट पाच मिलीऐवजी पाच थेंबांत करा, रंग तोच दिसतो.

हे सगळं भाच्याला ऐकवलं. त्याने मान डोलावली, मग म्हणाला, "पण मामा, एक्स्टर्नल असतील त्या दिवशी सिंकमध्येच ओततो हां."