चाचणीचे आकडे जॅकेट घालणाऱ्याला कळू द्या

नोव्हेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र पोलिसांनी १,४३० बुलेटप्रूफ जॅकेट पुरवठादाराला परत पाठवली. आली होती साधारण ४,६००. चंदीगडला चाचणी घेतली तेव्हा एके-४७ ची गोळी आरपार गेली, म्हणून जवळपास एक तृतीयांश माल बाद झाला. बातमी आली तेव्हा बहुतेकांनी पुरवठादाराला धारेवर धरले. मला त्या चाचणीचे आणि माल परत करण्याची धमक दाखवणाऱ्या अधिकाऱ्यांचे कौतुक वाटले. पण एक प्रश्न तेव्हापासून मनात आहे. त्याआधी घेतलेली आणि वर्षानुवर्षे ठाण्यांतल्या कपाटांत पडून असलेली जॅकेट आज गोळी अडवतील का, हे कोण सांगणार?

मी दिघाशीचा. भिवंडी तालुक्यातल्या या गावातून माझे वडील शहरातल्या यंत्रमागावर कामाला जात. मी वस्त्रतंत्रज्ञान शिकलो आणि पुढे कॉम्पोझिटच्या एका प्रयोगशाळेत लागलो. गोळी लागल्यावर पॅनेल कसे वागेल याचे संगणकावर मॉडेल करायचे आणि ते प्रत्यक्ष गोळीबाराच्या निकालाशी ताडून पाहायचे, हे माझे काम. त्यामुळे पुढे लिहितोय ते रोजच्या कामातले आहे.

रायफलची गोळी अडवणाऱ्या प्लेटचे दोन भाग असतात. पुढे सिरॅमिक, मागे धाग्यांचे थर. एके-४७ ची गोळी जेमतेम आठ ग्रॅमची, पण सेकंदाला सातशे मीटरहून जास्त वेगाने येते, म्हणजे सुमारे २,००० ज्यूल ऊर्जा घेऊन. सिरॅमिक तिचे टोक फोडते, चेपटे करते आणि ते करताना स्वतः शंकूच्या आकारात तडकते. त्या शंकूच्या रुंद तळामुळे मारा मागच्या थरांवर पसरतो. तिथले धागे ताणले जातात, थर एकमेकांपासून सुटतात आणि उरलेला वेग त्यात जिरतो. हे सगळे डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी संपते.

मागचे थर दाखवायला मी एकदा घरी नेले होते. वडिलांनी तो पातळ, अर्धपारदर्शक तुकडा दोन बोटांत धरून चोळला, उजेडाकडे केला आणि विचारले, "अरे, यात बाणा कुठाय?" त्यांनी नेमके ओळखले होते. मागावरच्या कापडात प्रत्येक धागा दुसऱ्याच्या वरून-खालून वळत जातो. गोळी लागली की धाग्यातून सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने लहर धावते, पण ताणा-बाणा जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे तिचा काही भाग परत फिरतो आणि ताण गोळीखालीच साचतो. म्हणून या प्लेटमध्ये बहुधा विणकाम नसतेच. एका थरात सगळे धागे उभे, पुढच्या थरात सगळे आडवे आणि मधे नावापुरते रेझिन.

गोळी खाल्लेले पॅनेल हातात घेतले की कळते, भोक बोटाएवढे असले तरी इजा तेवढीच नसते. नाण्याने ठोकत गेलो की धड भागावर टणक आवाज येतो आणि मग अचानक बद्द आवाज सुरू होतो. त्या जागी आतले थर सुटलेले असतात. पेन्सिलने खुणा करत गेलो तर कडे तळहाताएवढे भरते. उभा छेद घेतला तर पुढच्या थरांतले धागे कापलेले, टोकाला वितळलेले दिसतात. मागचे न तुटता फुगून बाहेर आलेले असतात. दुसरी गोळी त्या कड्यात लागली तर काय होईल, हा खरा प्रश्न, कारण रायफलमधून गोळ्यांची फैर येते.

इथे मॉडेल कामी येते आणि इथेच त्याची मर्यादाही दिसते. पहिल्या गोळीचे गणित आता चांगले जमते. तडकलेल्या सिरॅमिकचे तुकडे एकमेकांवर घासत दुसऱ्या गोळीला किती अडवतील, हे मात्र गृहीतकांवर अवलंबून असते. थर किती ताणाला सुटतो हा एक आकडा थोडा हलवला तरी अडलेली गोळी आरपार जाते. तरीही मला मॉडेल हवे आहे, कारण चाचणीलाही तिची मर्यादा आहे. ज्या प्लेटवर गोळी झाडली ती कुणाच्या छातीवर जात नाही. जी जाते तिच्यावर कुणी गोळी झाडलेली नसते. दहातली एक प्लेट सदोष असलेल्या मोठ्या बॅचमधून तीन नमुने उचलले, तर तिन्ही चांगले निघण्याची शक्यता ७३ टक्के भरते. म्हणजे अशी बॅच बहुतेक वेळा पास होईल. "पास" या शिक्क्याने मला समाधान होत नाही ते यासाठी. गोळी किती वेगाने आली, चाचणीत प्लेटच्या मागे ठेवलेल्या चिकणमातीत किती मिलिमीटर खड्डा पडला, किती वेगाला निम्म्या गोळ्या आरपार जातात, हे आकडे मिळाले तर मॉडेल सुधारते आणि काठावर पास झालेली बॅचही ओळखू येते. अमेरिकेच्या मानकात ४४ मिलिमीटरपर्यंतचा खड्डा चालतो. ४३ आणि २० या दोन्हींना एकच शिक्का मिळतो, पण आतल्या बरगड्यांना दोन्ही सारखे नाहीत.

त्यात आपली हवा. २००३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात झायलॉन धाग्याचे जॅकेट घातलेला एक पोलीस, जी गोळी जॅकेटने अडवायला हवी होती तिनेच, गंभीर जखमी झाला. नवा असताना हा धागा उत्तम होता. ओल आणि उष्णतेने त्याची ताकद उतरत गेली. २००५ मध्ये तिथल्या सरकारी संस्थेने झायलॉनच्या जॅकेटची मान्यता काढून घेतली. सगळे धागे इतके नाजूक नसतात. पण कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या दमट हवेत आणि गडचिरोलीच्या उन्हाळ्यात घामाने भिजणाऱ्या जॅकेटची नव्या मालाच्या प्रमाणपत्रावर किती वर्षे खात्री धरायची?

ज्ञानाची कमतरता म्हणाल तर तीही नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बोरॉन कार्बाइडचे भाभा कवच इथेच घडवले. अंबरनाथला नौदलाच्या सामग्रीवर काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आहे, पुण्यात पाषाणला शस्त्रास्त्र संशोधनाची. २०१८ पासून भारतीय मानक ब्युरोचे सहा स्तरांचे मानकही आहे. कमी आहे ती नोंद ठेवण्याची सवय. २६/११ च्या मुंबईवरील हल्ल्याच्या रात्री मारले गेलेले दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे यांच्या अंगावर असलेले जॅकेट पुरावा म्हणून जपले गेले नाही. त्यांच्या पत्नी कविता करकरे यांना त्याविषयी जाहीर विचारणा करावी लागली. गोळीबारातून आलेले जॅकेट हे अभ्यासकाला मिळू शकणारे सर्वात मोलाचे पॅनेल असते. ते हरवणे हा एका कुटुंबावरचा अन्याय तर आहेच, पुढच्या शिपायावरचाही आहे.

गृह विभागाने तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक बॅचच्या चाचणीचे पूर्ण आकडे, वेगासकट आणि खड्ड्यासकट, जाहीर करावेत. त्यात शत्रूला उपयोगी पडेल असे काही असेल तर तेवढेच झाकावे. दरवर्षी वापरातली काही जुनी जॅकेट काढून त्यांच्यावर गोळी झाडावी आणि निकाल त्या वयाच्या सगळ्या जॅकेटना लावावा. आणि चकमकीत गोळी लागलेले प्रत्येक जॅकेट सीलबंद करून अभ्यासाला द्यावे. नव्या खरेदीच्या तुलनेत हा खर्च थोडा आहे.

ज्यांच्या घरात कुणी पोलीस दलात आहे त्यांना एक विनंती. जॅकेटच्या आतल्या बाजूला एक पट्टी असते. तिच्यावर संरक्षणाचा स्तर, बॅच क्रमांक आणि बनावटीचा महिना-वर्ष वाचता येतो का, ते पाहायला सांगा. मऊ जॅकेटची हमी बहुधा पाच वर्षांची असते. ती उलटली असेल, पट्टी पुसली असेल किंवा प्लेट हलवल्यावर आत खडखडत असेल, तर वरिष्ठांना लेखी कळवायला सांगा आणि पोच घ्यायला लावा.