उजवीकडून उघडणारी पुस्तकं

सहामाही परीक्षेच्या आधी नववीच्या वर्गात एक वही आमच्या हाती लागली. काळं कव्हर, त्यावर पांढऱ्या शाईने खरडलेली इंग्रजी अक्षरं आणि आत नावांची यादी. वर्गातली पाच मुलं, ट्यूशनचे एक सर आणि सातव्या ओळीत आम्ही. आमच्या नावापुढे मृत्यूचं कारणही दिलं होतं, 'पेपर तपासताना हार्ट फेल'. उर्दू अक्षर मात्र इतकं सुरेख की दोन गुण द्यावेत असं वाटलं.

स्टाफरूममध्ये दोन मतं पडली. एक, पालकांना बोलवा. दुसरं, मोबाइल बंद करा. आम्ही आधी मुलालाच विचारलं. मान खाली घालून तो म्हणाला, "मॅडम, खेल हय ये. डेथ नोट." मग कळलं की सहा मुलांनी भागीदारीत या नावाची जपानी चित्रकथा विकत घेतली आहे. एका भागाला चारशे-पाचशे रुपये पडतात, म्हणून ईदी साठवून एकेक भाग आणायचा आणि पाळीपाळीने दोन-दोन दिवस वाचायचा. आमचाही नंबर त्या पाळीत लावा म्हणालो. मुलं एकमेकांकडे बघत राहिली.

या चित्रकथांना मांगा म्हणतात. जपानमध्ये त्या आधी साप्ताहिकात किंवा मासिकात क्रमशः येतात, मग त्यांची पुस्तकं निघतात. 'डेथ नोट' 2003 ते 2006 या काळात अशीच छापून आली आणि तिचे 12 भाग झाले. आम्ही ते पंधरा दिवसांत संपवले, त्यातले निम्मे सांगली ते सातारा कोयना एक्स्प्रेसमध्ये, माहेरी जाता-येता. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "बाई, पुस्तक उलटं धरलंय का?"

उलटं नव्हतं. जपानी मजकूर परंपरेने वरून खाली लिहितात आणि ओळी उजवीकडून डावीकडे सरकत जातात. त्यामुळे पुस्तक आपल्या उर्दू किताबासारखं उजवीकडून उघडतं आणि पानावरच्या चौकटीही उजवीकडूनच वाचायच्या. इंग्रजी भाषांतरात फुग्यातली अक्षरं डावीकडून आणि चित्रं उजवीकडून, अशी कसरत असते. ज्यांची पहिली अक्षरओळख अलिफ-बे-पे ने झाली त्यांना ती कसरत वाटतच नाही. आमच्या ओळखीतली मराठी माध्यमाची मुलं पहिल्या भागात अडखळली, उर्दू माध्यमाची नाहीत. आयुष्यभर दोन दिशांनी वाचायची सवय एकदा तरी अशी कामी आली, याचा आम्हाला थोडा अभिमानच वाटला.

आता गोष्टीबद्दल. लाइट नावाच्या हुशार विद्यार्थ्याला एक वही सापडते. ज्याचा चेहरा ठाऊक आहे अशा माणसाचं नाव तिच्यात लिहिलं की तो मरतो. वही टाकणारा एक विचित्र प्राणी आहे, जपानी समजुतीतला मृत्युदूत. सफरचंदं खात तो गंमत बघत बसतो. काही पालकांना इथेच अकीद्याची काळजी वाटेल. आम्ही वर्गात एवढंच सांगितलं की तिलिस्मे-होशरुबातले जादूगार वाचून कुणाचा ईमान गेला नाही, दास्तान ही दास्तान म्हणूनच वाचायची.

काळजी करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. लाइट टीव्हीवरच्या बातम्यांतून गुन्हेगारांची नावं घेतो आणि त्यांना मारत सुटतो. जगातले गुन्हे कमी होतात, लोक त्याला डोक्यावर घेतात. मग जो त्याचा माग काढतो तोही त्याच्या यादीत जातो, गुन्हेगार असो वा नसो. आणि त्याचे वडील पोलीस अधिकारी आहेत. दिवसभर ते या खुन्याला शोधतात, रात्री घरी येतात आणि त्याच्याबरोबर जेवायला बसतात. मुलाच्या टेबलाच्या खणात काय आहे ते त्यांना ठाऊक नाही. बारा भागांत आम्हाला सर्वात जास्त हलवलं ते याने. पालकसभेत आम्ही हाच प्रसंग सांगितला तेव्हा सभागृहात बराच वेळ कुणी बोललं नाही.

वर्गात मात्र मुलं बोलली. वहीवाल्या मुलानेच विचारलं, "गुन्हेगारालाच मारतो ना तो, मग वाईट काय?" आम्ही विचारलं, तो गुन्हेगार आहे हे लाइटला कुणी सांगितलं? टीव्हीने. सूरह हुजुरातमध्ये बातमी आली की आधी खातरजमा करण्याचा हुकूम आहे, तो मुलांना पाठ होता. मग आम्ही पुसेसावळीचं नाव काढलं. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं हे गाव. 2023 च्या सप्टेंबरमध्ये मोबाइलवरच्या एका मजकुराचं निमित्त झालं, जमाव मशिदीत शिरला आणि एका तरुणाचा जीव गेला. मजकूर कुणी टाकला, खरा की खोटा, हे तपासायला त्या रात्री कुणी थांबलं नाही. साताऱ्यातल्या आपल्या घरांत ती रात्र अजून बोलली जाते. मुलांना आम्ही म्हणालो की ही वही हातात घेतलेली माणसंच होती.

तेव्हा तो मुलगा म्हणाला, "मग मॅडम, त्या लोकांची नावं मी लिहिली तर?"

वीस वर्षं शिकवतो आहोत, पण या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं. कोर्ट आहे, कायदा आहे, असं म्हणालो. ते खरंच आहे, पण चौदा वर्षांच्या मुलाला ते किती पुरतं हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

त्या आठवड्यात आम्ही 'बेअरफूट गेन'चे पहिले दोन भाग मागवले. लेखक-चित्रकार केइजी नाकाझावा. 1939 मध्ये हिरोशिमात जन्म. 6 ऑगस्ट 1945 ला ते 6 वर्षांचे होते, शाळेच्या भिंतीच्या आडोशाला असल्यामुळे वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ पडलेल्या घराखाली अडकून जळाले. आईने त्याच दिवशी एका मुलीला जन्म दिला, ती काही महिनेच जगली. 1966 मध्ये आई वारली तेव्हा दहनानंतर अस्थी शिल्लकच नव्हत्या, नुसती राख. त्या रागातून ते बॉम्बबद्दल चित्रं काढू लागले आणि 1973 मध्ये गेनची गोष्ट सुरू झाली. 2012 मध्ये ते वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानच्या मात्सुए शहरात ही पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयात मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवायला सांगितलं गेलं. पुढच्या ऑगस्टमध्ये लोकांनी ओरड केल्यावर तो आदेश मागे घेतला. मुलांना काय दाखवावं हा घोर फक्त आपल्याच घरी नाही.

बॉम्ब पहिल्या भागाच्या शेवटी पडतो. त्याआधीची पानं आम्हाला जास्त जड गेली. गेनचे वडील युद्धाच्या विरोधात बोलतात आणि सगळी गल्ली त्यांना देशद्रोही ठरवते. मुलांना रस्त्यात चिडवलं जातं, उभं पीक तुडवलं जातं. गल्लीत एकच शेजारी या घराशी माणसासारखा वागतो, पाक नावाचा कोरियन, ज्याला स्वतःलाच तिथे कुणी आपलं मानत नाही. वडील मुलांना गव्हाकडे बोट दाखवून सांगतात की थंडीत पायाखाली तुडवलेला गहू मुळं घट्ट धरतो आणि सरळ वर येतो. बॉम्ब पडतो त्या सकाळी गेन ज्यांनी छळलं त्यांनाही ढिगाऱ्यातून बाहेर यायला मदत करतो. त्याच्या वडिलांच्या अंगावरची तुळई उचलायला मात्र ते थांबत नाहीत.

हे पुस्तक इंग्रजीत आणताना पानं आरशात दिसावीत तशी फिरवली आहेत, म्हणजे ते डावीकडून उघडतं. सोय झाली, पण सगळी माणसं डावखुरी झाली. आमच्या सासूबाईंनी, त्यांना आम्ही अम्मीच म्हणतो, एक पान बघून नाराजी दाखवली, "हे सगळे डाव्या हाताने का जेवतात?"

मुलाने दोन्ही भाग एका रविवारात वाचले. परत देताना त्या वहीबद्दल काही बोलला नाही, आम्हीही काढलं नाही. त्याने फक्त विचारलं, "पाकचं पुढे काय होतं?" वही अजून आमच्याच कपाटात आहे.

काही वाचकभगिनी विचारतील की चित्रांचं काय. आमच्या माहेरी दादी कॅलेंडरवरचा चेहरासुद्धा भिंतीकडे फिरवून ठेवायची आणि त्याच घरात आम्ही 'चांदोबा', 'किशोर' आणि कुणाकडून आलेला उर्दू 'खिलौना' वाचून मोठे झालो. तसवीरीच्या मसल्यावर फतवा देणारे आम्ही नाही, तो आलिमांचा प्रांत. शिक्षक म्हणून आमची तक्रार वेगळी आहे. पुस्तक परवडत नाही म्हणून मुलं ज्या चोरट्या संकेतस्थळांवर हे फुकट वाचतात, तिथे प्रत्येक पानाच्या कडेला ज्या जाहिराती असतात त्या पाहून आम्हालाच मान वळवावी लागली. जपानच्या शुएशा प्रकाशनाचं स्वतःचं 'मांगा प्लस' हे अ‍ॅप आहे, त्यावर अनेक मालिकांची नवी प्रकरणं इंग्रजीत अधिकृतपणे फुकट मिळतात. छापील पुस्तकावर वयाची खूणही असते. 'डेथ नोट'वर ती मोठ्या किशोरांसाठीची आहे, सहावीच्या मुलाच्या हातात ते पुस्तक असायचं कारण नाही.

आणि शेवटी, आमच्या घरातल्या बायकांनी ज्याच्यावरून भांडणं केली ते पुस्तक. काओरु मोरी या जपानी चित्रकर्तीची 'अ ब्राइड्स स्टोरी' ही मालिका. 2008 पासून येते आहे, 2014 मध्ये तिला जपानचा मांगा ताइशो पुरस्कार मिळाला. गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या मध्य आशियात घडते, कॅस्पियन समुद्राच्या आसपास. गालिचे, घोडे, भट्टीतल्या रोट्या, मेहमानांसाठी अंथरलेला दस्तरख्वान, सगळं इतकं बारीक काढलेलं की एका पानावर पाच-पाच मिनिटं जातात. ही बाई जपानची, पण एका वेलबुट्टीतला एक टाका तिने चुकवलेला नाही.

नायिका अमीर 20 वर्षांची, नवरा कार्लुक 12 चा. आमच्या नणंदेची मुलगी अकरावीत आहे, तिने पहिल्याच भागात पुस्तक मिटलं, "मुमानी, मुलाचं वय तर बघा!" चूक तिची नव्हती. चित्रं सुंदर आहेत म्हणून त्या काळचा रिवाज सुंदर होत नाही आणि लेखिकेनेही अमीरला लहान मुलाची काळजी वाहणारीच दाखवलं आहे. आम्ही तिला म्हणालो, न आवडेल तिथे भांडत वाच. आमच्या वर्गातून गेल्या काही वर्षांत दोन मुली दहावीआधी 'रिश्ता चांगला होता' म्हणून गेल्या. त्यांच्या घरी आम्ही गेलो होतो, चहा झाला, मान मिळाला, मुलगी परत आली नाही. अठरा वर्षांचा कायदा त्या आयांना ठाऊक होता. म्हणून त्या मुलीने 12 या आकड्यावर पुस्तक मिटावं, याचा आम्हाला आनंदच झाला.

दुसऱ्या दिवशी तिने ते पुन्हा उघडलं, ते पारियासाठी. पारिया रोट्या छान भाजते, तोंडाने फटकळ आहे आणि कशिदा तिला अजिबात जमत नाही. लग्नासाठी भरतकामाचे ढीग तयार व्हायला हवेत आणि ही सुई टोचून घेते. भाचीच्या वहीत हल्ली पारियाची चित्रं असतात. दुसरी तिलेके, लहान मुलगी. तिला फक्त ससाणे आवडतात, ती कापडावर ससाणेच काढते. तिला दादी रागावत नाही. पेटीतून घरातल्या पूर्वीच्या बायकांनी भरलेली कापडं काढून दाखवते, कोणता टाका कुणाचा, कोणता नमुना कुणाबरोबर या घरात आला.

हे प्रकरण अम्मींनी बघितलं. त्यांना इंग्रजी येत नाही, उर्दूशिवाय काही वाचलेलं नाही. पण पुस्तक त्यांनी न सांगता योग्य बाजूने उघडलं आणि बोट उजवीकडून डावीकडे नेत चौकटीमागून चौकट बघत गेल्या. संध्याकाळी त्यांची लोखंडी पेटी उघडली. त्यांच्या आईने मिरजेला भरलेला एक दुपट्टा निघाला. तो या घरात आहे हे आम्हाला सोळा वर्षांत माहीत नव्हतं. भाचीने त्याचा फोटो काढला. अम्मींनी तिला एका टाक्याचं नाव सांगितलं, नीट ऐकू आलं नाही म्हणून तिने ते तीनदा विचारून लिहून घेतलं.

एक सावधगिरी सांगायला हवी. सातव्या भागात इराणमधल्या हम्मामची गोष्ट आहे आणि चित्रकर्तीने तिथे कपड्यांची फिकीर केलेली नाही. गोष्ट दोन बायकांच्या मैत्रीची आहे, चांगली आहे, पण तो भाग आम्ही वाचून कपाटाच्या वरच्या फळीवर चादरींमागे ठेवला. बाकीचे भाग बैठकीत आहेत, ज्याला हवा त्याने घ्यावा.

काल अम्मी सहावा भाग संपवून आठवा हातात घेऊन बसल्या होत्या. चष्मा वर करून आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सातवा कुठंय?"