ठराव क्रमांक सात

डोंबिवली पूर्वेला आमची तीन विंगांची सोसायटी आहे. दुपारी कुरियरवाले वॉचमनच्या केबिनबाहेर पार्सलांचा ढीग घालून जातात. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मी औषधं घेऊन परत येत होतो, तर वॉचमनचा आठ वर्षांचा मुलगा त्या ढिगासमोर उकिडवा बसलेला. आधी त्यानं विंगांप्रमाणे तीन गठ्ठे केले, मग एकेका गठ्ठ्यात मजले लावले. कुणी शिकवलं नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणालो, "पत्ते वर दिसले पाहिजेत रे. आणि सगळे एकाच बाजूला." मान वर न करता त्यानं सगळी पार्सलं फिरवली.

मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये ३९ वर्षं सॉर्टिंग केलं. धावत्या डब्यात रात्रभर उभं, समोर लाकडी खण, डाव्या हातात पत्रांची थप्पी. तो हात चालणारा माणूस आता कुणाला नको आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बायको गेल्यावर लक्षात आलं की दिवसभरात मला कुणी काही विचारतच नाही. दूधवाला पिशवी टांगून जातो, वीजबिल मोबाइलवर येतं. मुलगा रविवारी फोन करतो, पण तो विचारतो ते माझ्या ब्लडप्रेशरबद्दल.

हा पोरगा विचारायचा. पार्सलावर हे सहा आकडे कशाला? मग आम्ही गेटसमोरच्या कट्ट्यावर बसलो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, त्याच वर्षी मी नोकरीला लागलो. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच मराठी गृहस्थ, संस्कृतात कविता करणारे. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा सॉर्टिंग जिल्ह्याचा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. आपलं ४२१२०१. चारात महाराष्ट्राबरोबर गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. नऊ फक्त लष्कराला. दादर पूर्वी 'मुंबई २८' होतं म्हणून ४०००२८. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग शून्यानं सुरू होणारं गाव का नाही?" ३९ वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. अजून उत्तर देता आलेलं नाही.

त्याचं गाव परभणी जिल्ह्यात. ४३१ एवढं लिहून तो आनंदानं थांबला, पुढचे तीन आकडे बापाला विचारून आला. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आणून आजीला लिहिलं. बाप हसला, रोज फोन होतो तर कार्ड कशाला! कार्ड पोचल्याचं आजीनं फोनवरच कळवलं.

"बरं झालं, नातवाची उणीव भरून निघाली," असं मला बरेच जण म्हणतात. हे मला पटत नाही. नातवाची जागा नातवाचीच आहे. हा पोरगा माझी उणीव भरायला आलेला नाही, त्याला आकड्यांचं वेड आहे आणि ते मला येतात. आमच्या मैत्रीचा पाया एवढाच, आणि तो मला पुरेसा भक्कम वाटतो. म्हाताऱ्या माणसांची करमणूक केली की एकटेपणा जातो, असं समजून आपण विरंगुळा केंद्रं काढतो, कॅरम ठेवतो. कॅरम मीही खेळतो. पण साठीपुढच्या माणसाला आपल्याजवळचं काहीतरी कुणाला तरी हवं असावं लागतं, आणि ते हवं असण्याची भूक लहान मुलांइतकी कुणालाच नसते. २००७च्या कायद्यानं आईवडिलांना मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळवता येतो. गप्पांसाठी कुठल्या प्राधिकरणाकडे अर्ज करायचा? ब्रिटननं २०१८मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला, जपाननं २०२१मध्ये. आम्हाला मंत्री नको, कट्टा पुरे.

तोच गेला. मे महिन्यात कमिटीनं कट्ट्यावर पाटी लावली: 'केवळ ज्येष्ठ नागरिकांसाठी. मुलांना बसण्यास सक्त मनाई.' पलीकडे जाळीच्या आत घसरगुंडी, तिथे पाटी: 'केवळ सभासदांच्या मुलांसाठी.' म्हणजे माझ्या दोस्ताला दोन्हीकडे बंदी, आणि मला एकीकडे एकट्यानं बसायची परवानगी. दंग्याची तक्रार होती म्हणे. दंगा जाळीतली मुलं करतात, पण ते असो.

एक गोष्ट मात्र मी कमिटीच्या बाजूनं बोलेन, कारण ती खरी आहे. त्याची आई इमारतीत चार घरची धुणीभांडी करते. पहिल्याच आठवड्यात तिनं मला जिन्यात अडवून विचारलं, "आजोबा, पोराला कशाला बोलावता?" मला राग आला नाही. पोक्सो कायदा २०१२ साली उगाच झाला नाही, आणि विचारलं नसतं तर मला तिची काळजी वाटली असती. त्या दिवशी आमचं ठरलं की त्यानं माझ्या घरात यायचं नाही. कट्ट्यावर, गेटसमोर, सगळ्यांच्या नजरेत बसायचं. हा नियम आम्ही दोघांनी पाळला. पाऊस आला तर तो केबिनमध्ये आणि मी वर. आता कमिटीनं नेमकी तीच उघडी जागा बंद केली. ज्यांना मुलांच्या सुरक्षिततेची काळजी आहे त्यांनी दहा जणांना दिसणारा कट्टा काढून घ्यायचा, याला मी शहाणपण म्हणणार नाही.

सध्या आम्ही फाटकाबाहेर, रिक्षास्टँडजवळच्या कठड्यावर बसतो. रिक्षावाल्यांची हरकत नाही. एक जण तर आपल्या गावाचा पिनकोड विचारून गेला.

येत्या रविवारी आमची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. दोन्ही पाट्या काढून टाकण्याचा ठराव मी लेखी दिला आहे, विषयपत्रिकेवर तो सातवा आहे. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. आमच्या इमारतीतल्या कुणी हे वाचलं, तर मी संध्याकाळी सहापर्यंत कठड्यावर असतो.