15 वर्षं जुन्या कारचं इंजिन खोलायचं की गाडी भंगारात द्यायची? समजून घ्या खर्चाचं गणित

मारुती 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. रस्त्यावर दिसणाऱ्या या गाड्यांची 15 वर्षांची नोंदणी एकतर संपली आहे किंवा संपत आली आहे. त्याच सुमारास गाडी धूर सोडू लागते, ऑइल खाते आणि मिस्त्री सांगतो, "इंजिनचं काम काढावं लागेल." मग खर्च करायचा की गाडी भंगारात काढायची?

आधी काय तपासायचं?

धुराच्या रंगावरून अंदाज येतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता असते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तिथे बहुतेकदा इंजिन खोलायची गरजच नसते, कार्ब्युरेटर किंवा सेन्सर पाहावा लागतो.

खरं निदान कॉम्प्रेशन टेस्टमध्ये होतं. एखाद्या सिलिंडरचं प्रेशर कमी आलं, तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजतात. प्रेशर वाढलं तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. वाढलं नाही, तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये आहे. अशा वेळी फक्त हेडचं काम पुरतं, पूर्ण इंजिन खोलण्याचा खर्च वाचतो.

पैसे कुठे वाचतात, कुठे वाचवू नयेत?

बोअर झिजला असेल तर लेथवर बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. नवा ब्लॉक घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. मुंबईत कुर्ला, पुण्यात नाना पेठ इथे सुट्या भागांचे भाव तुलना करून घेता येतात. पण रिंग, बेअरिंग, गॅस्केट आणि ऑइल पंप यांत डुप्लिकेट माल नको. यातला एक भाग फसला, तरी मजुरीसकट सगळा खर्च पुन्हा येतो.

इंजिन खुलं असतानाच रबरी पाइप आणि सील बदलून घेणं शहाणपणाचं. आता पंपांवर ई20 पेट्रोल मिळतं आणि काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केलं आहे.

कागदपत्रांचं काय?

सेकंडहँड इंजिन टाकलं तर इंजिन नंबर बदलतो आणि आरसी बुकवर आरटीओकडून नोंद करून घ्यावी लागते. मूळ ब्लॉक दुरुस्त केला तर हा प्रश्न येत नाही.

15 वर्षांनंतर नोंदणी 5 वर्षांसाठी वाढते. कारसाठी एप्रिल 2022 पासून हे शुल्क 5,000 रुपये आहे. 20 वर्षांपुढच्या कारसाठी ते ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 रुपये झालं. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो.

निर्णय कसा घ्यायचा?

इंजिनचं काम, नोंदणी शुल्क आणि कर यांची बेरीज करून तिला 60 महिन्यांनी भागा. येणारा आकडा नव्या गाडीच्या मासिक हप्त्याशी ताडून पाहा. भंगारात दिल्यास मिळणारी रक्कम आणि नव्या गाडीच्या करातली सवलतही हिशेबात धरा.

मात्र पैसे देण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा बघा. झिजलेलं इंजिन पुन्हा उभं राहतं. चासी आणि फ्लोअर गंजून सडले असतील, तर गाडी पासिंगलाच अडते आणि इंजिनवर घातलेला सगळा पैसा वाया जातो.